आधी उंची गाठावी

इंटरनेटवरील काही खेळांत संगणकाच्या पडद्यावर विमान उडवून हवाई युद्ध करता येते. टेक्सासमध्ये तयार झालेला ‘एसेस हाय’ हा असाच एक खेळ २००० साली सुरू झाला. यात प्रतिपक्षाचे विमान चालवणाराही माणूसच असतो. त्यामुळे नवखा खेळाडू काही मिनिटांतच पाडला जातो. असे वारंवार घडले, की तो खेळ सोडून देतो.

म्हणूनच या खेळात सरावासाठी वेगळे क्षेत्र राखले गेले. तेथे जाणते खेळाडू स्वेच्छेने व विनामूल्य शिकवू लागले. नवख्याची नेहमीची चूक म्हणजे प्रतिस्पर्धी दिसताच जोराने वळत राहणे. प्रत्येक तीव्र वळणात वेग घटतो आणि विमान सहज टिपले जाते. अशा वेळी शिक्षक सांगतो, की आधी उंची गाठावी. उंची ही साठवलेली ऊर्जाच होय. विमानाने खाली सूर मारला, की तिचे वेगात रूपांतर होते.

ही परंपरा जुनी आहे. जर्मन वैमानिक ओस्वाल्ड बोल्के यांनी १९१६ साली हवाई युद्धाचे नियम लिहिले. हल्ल्यापूर्वी अनुकूल स्थिती मिळवावी, शक्यतो सूर्य पाठीशी ठेवावा, असे त्यांत सांगितले होते. तेव्हा चुकीचे मोल प्राणांनी द्यावे लागे. खेळात मात्र पडलेला पुन्हा उड्डाण करतो.

आज शिकवलेला शिष्य उद्या आपल्यालाच पाडेल, हे शिक्षकाला ठाऊक असते. तरीही तो शिकवतो. कारण आकाश रिकामे झाले, तर खेळणार कोणाशी?