पत्र्याला ड्रिल लावण्याआधी थांबा!

मे महिन्याचा शेवटचा रविवार. परीक्षा संपल्यात, तुम्ही फॅनखाली मोबाइल घेऊन पडलाय आणि स्वयंपाकघरातून आईची हाक येते, ‘‘अरे, पाऊस तोंडावर आलाय. तो मोरीवरचा पत्रा तेवढा बघ ना, मागच्या वर्षी नुसती धार लागली होती.’’ मित्राकडून ड्रिल मशीन येतं, तोंडाला रुमाल बांधला जातो आणि तुम्ही वर. तडकलेला पत्रा हातोडीनं फोडून काढायचा, शेजारच्या पत्र्याला नवं भोक पाडून हूक मारायचा, खाली पडलेली राखाडी पूड झाडूनं लोटून द्यायची. तासाभराचं काम. मिस्त्रीचे पैसे वाचले, आई खूश.

त्या तासाभरात तुम्ही नेमकं काय श्वासावाटे आत घेतलंत, ते कळायला कदाचित तुमची पन्नाशी उजाडेल.

नावात ‘एसी’, खाली भट्टी

हार्डवेअरच्या दुकानात या राखाडी, नागमोडी पत्र्याला ‘एसी शीट’ म्हणतात. त्याच्याखाली मे महिन्यात बसून अभ्यास केलेल्यांना हा विनोदच वाटेल, पण इथे एसी म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंट. आपण घरी त्याला नुसतं ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतो. तो चाळीच्या छपरावर असतो, गावच्या पडवीवर आणि गोठ्यावर असतो, कॉलेजच्या सायकल स्टँडवर असतो, भाड्याच्या खोलीच्या डोक्यावर असतो. जुन्या इमारतींत गच्चीवरून पावसाचं पाणी खाली आणणारे राखाडी पाइपही बरेचदा याच मालाचे. आणि केमिस्ट्रीच्या जुन्या लॅबमध्ये बर्नरवर ठेवायची ती जाळी आठवते? तिच्या मधला पांढरा गोल एकेकाळी ॲस्बेस्टॉसचाच असायचा. आता तिथे सिरॅमिक आलंय.

ॲस्बेस्टॉस हे खनिज. दगडातून निघतं, पण कापसासारखं पिंजता येतं. जळत नाही, कुजत नाही, गंजत नाही. त्याचं नावच मूळ ग्रीक, अर्थ ‘न विझणारं’. सिमेंटमध्ये त्याचे थोडे तंतू मिसळले की पातळ पत्रासुद्धा भक्कम होतो आणि स्वस्तात मिळतो. गरिबाच्या डोक्यावर छप्पर आलं ते याच पत्र्यामुळे, हेही खरंय.

गोची अशी की जे गुण छपराला हवेत, तेच फुप्फुसाला नकोत. पत्रा फुटला, कापला, घासला गेला की केसापेक्षा कितीतरी बारीक तंतू हवेत उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, वास येत नाही, खोकलाही लगेच येत नाही. खोलवर जाऊन बसलेला तंतू विरघळत नाही आणि शरीराला तो सहज बाहेरही काढता येत नाही. त्याच्याभोवती वर्षानुवर्षं दाह होत राहतो. यातून फुप्फुसं कडक होणारा ॲस्बेस्टॉसिस होऊ शकतो, फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, किंवा फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सर. सिगारेट ओढणाऱ्यांसाठी तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका अनेक पटींनी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, कामाच्या ठिकाणी ॲस्बेस्टॉसशी संबंध आल्यामुळे जगभरात वर्षाला दोन लाखांहून जास्त माणसं दगावतात.

आणि हे आजार दिसायला साधारण २० ते ४० वर्षं लागतात. म्हणूनच हा विषय आजोबांचा नाही, तुमचा आहे.

मग आता घर सोडायचं का?

अजिबात नाही. टेन्शन घेऊन रात्री पत्र्याकडे बघत जागायचं कारण नाही. अख्ख्या, न तडकलेल्या पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट अडकलेले असतात. त्याच्याखाली राहण्याचा धोका खूपच कमी. खरा धोका आहे धुळीत. झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीवर पाय देऊ नये, एवढंच.

पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही, हे नुसतं बघून सांगता येत नाही. खात्री फक्त प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाखाली होते. पत्र्यावर आयएस ४५९ असा छाप असेल तर तो ॲस्बेस्टॉस सिमेंटचा, कारण हे त्याच पत्र्याचं भारतीय मानक आहे. छाप पुसला गेला असेल आणि पत्रा जुना असेल, तर ‘आहे’ असं धरूनच चाला. तुकडा तोडून बघायच्या भानगडीत पडू नका.

हे करू नका

अशा पत्र्याला ड्रिल, ग्राइंडर, करवत लावू नका. शेवाळ काढायला तारेचा ब्रश किंवा प्रेशरचं पाणी मारू नका. फुटलेल्या पत्र्याची पूड कोरड्या झाडूनं झाडू नका, घरातल्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरनं तर मुळीच ओढू नका, कारण तंतू त्याच्या फिल्टरमधून निघून खोलीभर पसरतात. रुमाल, ओढणी, सर्जिकल मास्क यांना हे तंतू जुमानत नाहीत. यासाठी एफएफपी३ किंवा पी१०० दर्जाचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क लागतो.

आणि पत्र्यावर थेट पाय देऊ नका. ॲस्बेस्टॉसचा आजार तीस वर्षांनी येईल, पण जुना पत्रा मोडून माणूस खाली येतो तो त्याच क्षणी.

हे करा

छोटी चीर असेल तर पत्रा न घासता वरून वॉटरप्रूफ लेप किंवा चिकटपट्टी लावणं हा त्यातल्या त्यात सुरक्षित उपाय. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये सिक्सर बसून पत्रा फुटलाच, तर आधी लहान मुलांना लांब न्या, पंखा बंद करा. तुकड्यांवर साबणाचं पाणी हलकेच शिंपडा. ओले तुकडे आणखी न मोडता उचला, जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधा, वर ‘ॲस्बेस्टॉस’ असं ठळक लिहा. जागा ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकंही त्याच पिशवीत टाका. अंगावरचे कपडे झटकू नका. ते वेगळे धुवा, मग अंघोळ. बाहेरच्या देशांत कामगारांच्या कपड्यांवरची धूळ घरी येऊन, ते कपडे धुणाऱ्या बायकांना हे आजार झाल्याची नोंद आहे.

पिशवी गुपचूप कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. पालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात विचारा. धोकादायक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारी केंद्रं आपल्याकडे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत, पण एकट्या घराला तिथवर पोचणं अवघड. सोसायटीला ते जमू शकतं. तुमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली असेल, तर मीटिंगमध्ये कार्पेट एरियाच्या चर्चेत एक प्रश्न तुम्ही टाका : ‘‘जुने पत्रे आणि पाइप कसे काढणार आणि कुठे नेणार?’’ उत्तर करारात लिहून घ्या. गावाकडे तेच तुकडे कोंबड्यांच्या खुराड्याला, कुंपणाला, खड्ड्यात भरायला वापरतात. ते थांबवणंही तुमच्याच हातात आहे.

‘आपण नको, मजूर लावू’

एवढं वाचून बहुतेकांच्या मनात येईल, सोप्पंय, नाक्यावरून माणूस आणू. इथेच खरी मेख आहे.

सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांबद्दल एक महत्त्वाचा निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याचा मूलभूत हक्क आहे, असं म्हटलं. आणि कारखान्यांना सांगितलं, प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोवर जपून ठेवा. इतकी वर्षं का? कारण आजार तितक्या उशिरा येतो.

आता सांगा, नाक्यावरून आणलेल्या माणसाची नोंद कोणाच्या वहीत आहे? तो आज तुमचा पत्रा फोडेल, उद्या दुसऱ्याचा. तुम्ही वर्षातून एकदा धूळ खाल, तो रोज खाईल. तीस वर्षांनी त्याला धाप लागेल तेव्हा डॉक्टर विचारतील, ‘‘काय काम करायचात?’’ तो म्हणेल, ‘‘मिळेल ते.’’ ड्रिल दुसऱ्याच्या हातात दिलं म्हणजे धोका टळत नाही, फक्त फुप्फुसं बदलतात.

म्हणून माणूस लावाल तेव्हा त्याला आधी सांगा, हा पत्रा कसला आहे. योग्य मास्क तुम्ही आणून द्या. फोडून नाही, पत्रा ओला करून, हूक सैल करून अख्खा उतरवायला सांगा. वेळ जास्त लागेल, शे-दोनशे जास्त जातील. जाऊ द्या.

साठहून जास्त देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातलीय. आपल्याकडे त्याच्या खाणींना परवाने देणं सरकारनं केव्हाच थांबवलं, पण बाहेरून आणून पत्रे बनवायला मात्र मोकळीक आहे. तो कायदा बदलेल तेव्हा बदलेल. निदान नवं छप्पर घालताना दुकानदाराला ‘ॲस्बेस्टॉस नसलेला पत्रा दाखवा’ एवढं तर आपण म्हणू शकतो. धातूचे, ॲस्बेस्टॉसविना बनवलेल्या फायबर सिमेंटचे पत्रे मिळतात.

तर या रविवारी आईची हाक आली की उठा जरूर. फक्त वर चढण्याआधी ड्रिल खाली ठेवा आणि बादलीभर पाणी घ्या.