वाङ्निश्चय कोणाचा?

वाङ्निश्चयाच्या वेळीं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या याद्या होत आल्या. देण्याघेण्याचीं कलमें लिहावींत, वडीलधाऱ्यांनीं सह्या कराव्यात; जिचें लग्न, तिची सही मात्र क्वचितच कोणी मागितली.

ह्या चालीस एक चोख उत्तर आमच्या उपनगरांतच सांपडतें. सन १९४७ त अंधेरीशेजारच्या विलेपार्ल्यांत डॉ. राव ह्यांच्या घरीं डॉ. शारदा कबीर व डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांची प्रथम भेट झाली. पुढें मधुमेहानें गांजलेले बाबासाहेब डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यांत उपचारार्थ येऊं लागले. शारदाबाई तेथेंच काम करीत. ओळखीचा स्नेह झाला. एक सारस्वत, दुसरे अस्पृश्य गणलेल्या जातीचे, त्यांतून देशाचे कायदेमंत्री. तरी मागणी घातली ती खुद्द शारदाबाईंस पत्र लिहून. त्यांनीं विचार केला, बंधूंचा सल्ला घेतला आणि मगच होकार दिला. १५ एप्रिल १९४८ रोजीं दिल्लीस नोंदणी पद्धतीनें विवाह झाला.

कोणताही व्यापारी स्वतःच्या सहीवांचून करार पक्का मानीत नाहीं. मग कन्येच्या जन्माचा करार तिच्यावांचून पक्का कसा? वडिलांनीं सल्ला अवश्य द्यावा. होकार मुलीचाच असावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.