अर्धशिशी आणि नाडीचा ठेका

तंबाखूच्या हंगामात निपाणीकडील आपल्या काही भगिनी डोके घट्ट बांधूनच मिस्साला येतात. विचारले तर "उन्हाचं दुखतंय, फादर" एवढेच उत्तर मिळते. पुष्कळदा ते खरेही असते. ओली पाने हाताळल्यावर त्यांतील निकोटिन कातडीतून अंगात शिरते आणि त्यानेही डोके दुखते, चक्कर येते, ओकारी होते. पण काहीजणी वेगळेच सांगतात. दुखणे सुरू होण्याआधी डोळ्यांपुढे करवतीच्या दात्यांसारखी चमकणारी रेघ येते, ती हळूहळू पसरते, मधला भाग दिसेनासा होतो, कधी एका हाताला मुंग्या येतात. अर्ध्या-पाऊण तासाने हे ओसरते आणि अर्धे डोके ठणकू लागते. कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते पित्त. ही पूर्वसूचना देणारी अर्धशिशी होय. डॉक्टर त्या पूर्वसूचनेला 'ऑरा' म्हणतात.

मेंदूच्या मागच्या बाजूस दृष्टीचे केंद्र आहे. तेथे पेशी आधी चेततात व मग मंदावतात, आणि ही लाट मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर या गतीने पुढे सरकते. ब्राझीलचे संशोधक लियाओ यांनी १९४४ साली सशांच्या मेंदूत अशी लाट दाखवून दिली. बाराव्या शतकातील संत हिल्डेगार्ड यांना दिसणारे प्रकाश अशाच अर्धशिशीचे असावेत, असा काही वैद्यांचा तर्क आहे. तो खरा असला तरी त्यांची थोरवी उणी होते असे मला वाटत नाही.

आता हृदयाकडे वळू. अमेरिकेत सुमारे बारा हजार प्रौढांची वीस वर्षांपर्यंत पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. पूर्वसूचनेची अर्धशिशी असलेल्या शंभरांपैकी १८ जणांना पुढे 'एट्रियल फिब्रिलेशन' हा ठोक्यांचा बिघाड झाला. पूर्वसूचना नसलेल्या अर्धशिशीत हेच प्रमाण १४ होते. वय, रक्तदाब, धूम्रपान वगैरे जमेस धरता, डोकेदुखी नसलेल्यांपेक्षा हा धोका सुमारे ३० टक्क्यांनी अधिक निघाला. एकामुळेच दुसरे होते, असे यावरून सिद्ध होत नाही. ठोक्यांवर ताबा ठेवणाऱ्या मज्जातंतूंचा तोल अर्धशिशीत बिघडत असावा, असा अंदाज आहे. फरक थोडा आहे, म्हणून घाबरून जाऊ नये. पण दुर्लक्षही करू नये.

कारण या बिघाडात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तेथे रक्त साकळते, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा मारतो. आपल्याकडे आणखी एक कारण आहे. लहानपणी घसा सुजून येणाऱ्या सांधेतापाने हृदयाची झडप खराब झालेली असते आणि त्यामुळे तरुण स्त्रियांनाही हा विकार जडतो.

तपासणी फुकट आहे. पाच मिनिटे स्वस्थ बसा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटे ठेवा आणि पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. मोटेची चाके एका लयीत करकरत, तशी नाडी एका ठेक्यात चालली पाहिजे. मध्येच एखादा ठोका चुकणे बहुधा निरुपद्रवी असते. पण ठेक्याला काही धरबंदच नसेल, धडधड होत असेल, दम लागत असेल, तर कार्डिओग्राम काढून घ्या. विकार ठरलाच तर रक्त न साकळण्याची औषधे आहेत. ती मनाने बंद करू नयेत.

एक गोष्ट संकोच सोडून लिहितो. मासिक पाळी नियमित व्हावी म्हणूनही काही गोळ्या देतात, त्यांत इस्ट्रोजेन असते. डोळ्यांपुढे रेघा येणाऱ्या स्त्रीला अशा गोळ्यांनी लकव्याचा धोका वाढतो. तेव्हा डॉक्टरांना रेघांची गोष्ट आधी सांगा. विडी आणि मिश्री यांचेही तसेच. ज्या तंबाखूवर आपली घरे चालतात तिच्याविषयी हे लिहिणे मला सोपे जात नाही, पण मिश्री लावून अर्धशिशी बरी होत नाही.

उपाशी राहिल्यानेही अर्धशिशी उठते. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दिवशीचा उपवास आजाऱ्याला बंधनकारक नाही. त्याने वेळेवर भाकरी खावी, दुसरा एखादा त्याग करावा.

आणि ऑरा कोणता, लकवा कोणता? ऑरा हळूहळू पसरतो व तासाभरात जातो. लकवा एकाएकी येतो: तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, बोबडी वळते. अशा वेळी तेल चोळत बसू नका, अंगारा-धुपारा नको, तोंडात पाणीही घालू नका. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन काढावा लागतो. १०८ ला फोन करा. निपाणीकडच्यांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते, हे लक्षात असू द्या. आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते घरातील कोणीतरी कागदावर लिहून बरोबर न्यावे.