लेक सांगू लागली तर



बारावीचा निकाल लागला की पैठण, कन्नड, सिल्लोड, वैजापूरकडच्या कितीतरी मुली छत्रपती संभाजीनगरला शिकायला जातात. कोणी वसतिगृहात राहते, कोणी चौघींत मिळून खोली घेते. फी, डबा, एस. टी. या सगळ्याची आपण चौकशी करतो. एक गोष्ट मात्र घरात कोणी काढत नाही. तिथे मुलीवर कोणी अतिप्रसंग केला, तर तिने काय करावे आणि आपण काय करावे?

मी शेती खात्याचा माणूस. हा विषय माझा नव्हे, असे तुम्ही म्हणाल. पण एका गावी कपाशी पाहायला गेलो असता एका बापाने बांधावर बसून मन मोकळे केले. मुलीला वर्गातल्याच मुलाने गाठले होते. घरच्यांनी तिला परत आणले आणि दिवाळीनंतर लग्न उरकले. तो मुलगा पुढे पदवी घेऊन बाहेर पडला. "तक्रार का नाही केली?" मी विचारले. "साहेब, पेपरात नाव आलं असतं."

नाव छापता येत नाही. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा १९८३ पासून गुन्हा आहे. आजच्या भारतीय न्याय संहितेत त्याचे कलम ७२ आहे. या कायद्यामागे आपल्याच राज्यातली एक मुलगी आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अनाथ आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाला. नागपूरच्या उच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना शिक्षा दिली, पण सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा अर्थ काढला गेला. त्यावर उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेपंडितांनी १९७९ मध्ये न्यायालयाला उघडे पत्र लिहिले. देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि कायदा बदलला.

आता कामाचे बोलू. गारपीट झाली की पंचनामा होईपर्यंत आपण शेतात नांगर घालत नाही. इथेही पहिले दोन-तीन दिवस मोलाचे. मुलीने शक्यतो अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. ते कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकच्या नव्हे. घाटी रुग्णालय असो की खाजगी दवाखाना, उपचार ताबडतोब आणि फुकट देणे त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. दवाखाना पोलिसांना कळवतो, पण तपासणी मुलीच्या संमतीनेच होते. नको असलेला गर्भ आणि एच. आय. व्ही. टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून आधी दवाखाना गाठा. अंघोळ झाली असेल, दिवस उलटले असतील, तरीही जा. उशीर झाला एवढ्यावरून तक्रार बाद होत नाही.

घटना शहरातली असली तरी फिर्याद तुमच्या तालुक्याच्या ठाण्यातही नोंदवता येते. ते ठाणे ती पुढे पाठवते. मुलीचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळते. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा लागतो.

प्रत्येक कॉलेजात अंतर्गत समिती असावी लागते. तिची अध्यक्ष महिला असते, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर समितीत विद्यार्थीही असतात. तीन महिन्यांच्या आत लेखी अर्ज द्यावा. समितीने ९० दिवसांत चौकशी पुरी करायची असते, आणि तिथले कामकाज गुप्त ठेवावे लागते. "आपण आपसात मिटवू" असे कोणी म्हटले, तरी पोलिसांत जाण्याचा तुमचा हक्क शाबूत राहतो. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. राज्याच्या मनोधैर्य योजनेतल्या अर्थसाहाय्यासाठीही तिथेच विचारा.

आणि माय-बापांनो, पोरीने तोंड उघडले की "तू तिथे गेलीच कशाला?" हे वाक्य गिळून टाका. ती एकदाच धीर करते. तिचे कॉलेज सोडवू नका. मुलाचा वर्ग किंवा वसतिगृह बदलावे, अशी मागणी समितीकडे करता येते.

प्रवेशाच्या दिवशी समितीच्या अध्यक्षांचे नाव आणि फोन फलकावरून उतरवून घ्या. नसेल लावला, तर प्राचार्यांना विचारा. त्याच वहीत महिला मदतीचा १८१ आणि तातडीचा ११२ हे क्रमांकही लिहून ठेवा.