सीॲटलचे वार्तापत्र : कायद्यापुरते कॅनडा

उन्हाळ्यात इथल्या धक्क्यावरून अलास्काला क्रूझ जहाजांची रीघ लागते. सीॲटल अमेरिकेत, अलास्काही अमेरिकेत. तरी वाटेत जहाज कॅनडात, बहुधा व्हिक्टोरियाला, थांबतेच. बऱ्याचदा तिथे पोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते. हौशी मंडळी उतरून दिव्यांनी उजळलेली विधिमंडळाची इमारत पाहून येतात, बाकीचे जेवणाच्या टेबलावरून उठतही नाहीत. काही तासांत जहाज सुटते. कायद्याचे समाधान झालेले असते.

हा कायदा 1886चा. परदेशी जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी न्यायचे नाहीत. क्रूझ कंपन्यांची कचेरी अमेरिकेत असली तरी जहाजांवर झेंडा बहामाचा नाहीतर बर्म्युडाचा. म्हणून मध्ये एक परके बंदर घ्यायचे. 2021मध्येही कोविडमुळे कॅनडाने आपली बंदरे या जहाजांना बंद ठेवली आणि सगळेच अडले. मग अमेरिकी काँग्रेसने तोडगा काढला : वॉशिंग्टन-अलास्का फेरी तात्पुरती परदेशप्रवास 'मानावी'!

मालवाहतुकीत कुंपण आणखी उंच. 1920च्या जोन्स कायद्याप्रमाणे जहाज अमेरिकेत बांधलेले, अमेरिकी मालकीचे नि झेंड्याचे हवे, खलाशीही बहुतेक इथलेच. ज्यांच्या नावाने हा कायदा ओळखला जातो ते सिनेटर वेस्ली जोन्स सीॲटलच्याच वॉशिंग्टन राज्याचे. अलास्काचा व्यापार कॅनडाच्या बंदरांकडे न वळता सीॲटलच्या हाती राहावा, ही त्यात सोय होतीच. युद्धात स्वतःची जहाजे हाताशी हवीत, हे समर्थकांचे म्हणणे रास्त आहे. पण इथे मोठे जहाज बांधायला कोरियाच्या कितीतरी पट खर्च येतो, त्यामुळे फारशी बांधलीच जात नाहीत. भुर्दंड मात्र हवाई आणि पोर्तो रिकोतल्या गिऱ्हाइकाला. 2017च्या मारिया वादळाने पोर्तो रिको उद्ध्वस्त झाले, तेव्हा सूट मिळाली ती दहा दिवसांची.

परदेशी विमानांनाही देशांतर्गत प्रवासी नेण्याची अशीच बंदी, आणि ती भारतासह बहुतेक देशांत आहे. ऑस्ट्रेलियन कंपनी क्वांटासचे विमान पूर्वी न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसमार्गे ऑस्ट्रेलियाला जाई. नुसते लॉस एंजेलिसपर्यंतचे तिकीट विकायची कंपनीला मुभा नव्हती.

सीॲटलजवळच्या रेडमंड-बेलव्ह्यूकडची मराठी मुले आईवडिलांना हमखास अलास्काची सहल घडवतात. त्यांना एवढेच सांगणे : भारतीय पासपोर्ट असेल आणि ग्रीनकार्ड नसेल, तर त्या व्हिक्टोरियापायी कॅनडाचा व्हिसाही लागतो. तिकीट काढण्याआधी तो हातात घ्या आणि अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेशाची मुभा देणारा आहे ना, तेही पाहा.