दगडाच्या खाणींतील जपानी बाग

चहाची बाग म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें आसाम-निलगिरीचे मळे उभे राहतात. जपानांत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. चहापानाच्या लहानशा कुटीकडे नेणारी जी शांत, छायेची वाट, तीच तेथील चहाची बाग. सोळाव्या शतकांतील आचार्य सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) यांनीं या विधीला जें साधें वळण लावलें, त्यांत दगडाला मोठें स्थान आहे. वाटेवर पावलापुरते दगड अंतराअंतरानें बसविलेले असतात; त्यांवरून चालतांना पाहुण्याची गति आपोआप मंदावते. हात धुण्याचें दगडी कुंड मुद्दाम ठेंगणें ठेवतात. पाहुणा कितीहि मोठा असो, वांकल्यावांचून त्याला पाणी घेतां येत नाहीं.

जपानी चहाची बाग म्हणविणारें एक उद्यान अमेरिकेंतील टेक्सस राज्यांत, सॅन अँटोनिओ शहरीं आहे. ब्रॅकेनरिज पार्कपाशीं फिरणारा प्रवासी अवचित एका खोल खड्ड्याच्या कांठावर येतो. खालीं कमळांचीं तळीं, त्यांवर दगडी पूल, कडेनें वळणावळणाच्या पायवाटा, आणि वरच्या बाजूस दगडी खांबांचा, ताडपत्रांनीं शाकारलेला मंडप! क्योतोच्या शास्त्राप्रमाणें ही चहाची बाग नव्हे. हें आहे खाणीचें उद्यान. येथील चुनखडीचा दगड भाजून पूर्वीं सिमेंट करीत. १९०८ सालीं कारखाना दुसरीकडे गेला व खाण ओसाड पडली. पुढें १९१७-१८ च्या सुमारास शहराचे उद्यानाधिकारी रे लँबर्ट यांनीं तुरुंगांतील कैद्यांकडून काम करवून या खड्ड्याची बाग केली. जो दगड एरवीं भट्टींत गेला असता, तोच येथें पूल आणि भिंती होऊन राहिला. कारखान्याचें जुनें धुराडें शेजारीं अजून उभें आहे.

या बागेच्या प्रवेशद्वारावर मात्र नांव आहे चिनी बागेचें! हें कसें?

किमी ऐझो जिंगू नांवाचे जपानी चित्रकार १९१९ सालीं नगरसभेच्या निमंत्रणावरून येथें राहावयास आले. त्यांनीं बागेची निगा राखली, १९२६ मध्यें चहा-फराळाचें दालन उघडलें, आणि त्यांचीं मुलें याच दगडी घरांत वाढलीं. १९३८ मध्यें ते वारले. कुटुंबानें काम पुढें चालविलें. डिसेंबर १९४१ मध्यें पर्ल हार्बरवर हल्ला झाला. जपानी नांवाचा द्वेष इतका वाढला कीं, १९४२ सालीं त्या कुटुंबाला घर सोडावें लागलें. चहाचें दालन एका चिनी कुटुंबाकडे गेलें, आणि मेक्सिकोचे शिल्पकार डायोनिसिओ रॉड्रिगेझ यांनीं सिमेंटची, पण हुबेहूब लांकडासारखी दिसणारी कमान उभारली. तिच्यावर बागेचें नवें, चिनी नांव कोरलें गेलें. गंमत अशी कीं, त्या कमानीचा घाट जपानी देवळाच्या तोरणाचाच!

१९८४ सालीं जिंगूंच्या मुलांच्या उपस्थितींत बागेला तिचें मूळ नांव परत मिळालें, आणि २००८ मध्यें तळ्यांचा व धबधब्याचा जीर्णोद्धारहि झाला. कमानीवरील अक्षरें मात्र पुसलीं नाहींत, हें एका परीनें बरेंच झालें. चहाच्या वाटेवरील दगड पाहुण्याला क्षणभर थांबावयास लावतो; दारावरचें हें चुकीचें नांवहि तेंच काम करतें. वाचणारा थबकतो, कारण विचारतो, आणि एका घराला आपल्याच अंगणांतून कां निघावें लागलें हें त्याला कळतें.