आईचं दुखणं, लेकरांचा घोर

काळजी कातडीवर मोजता येते, हे ऐकून खरं वाटत नाही. पण ओहायो स्टेट विद्यापीठाच्या जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ साली ती मोजून दाखवली. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाचं सगळं करणाऱ्या १३ बायका आणि असा भार नसलेल्या १३ बायका त्यांनी निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले!

कॅन्सर हा आजार वेगळा, पण जागरणं आणि घोर तेच. नांदेड-लातूरकडे निदान झालं की घरात पहिला प्रश्न निघतो, "टाटाला न्यायचं की बार्शीला?" मग फायली, बायोप्सीचे रिपोर्ट, दशम्यांची पिशवी आणि मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयापर्यंतचा रात्रीचा प्रवास. डॉक्टरांना बाजूला घेऊन मुलगा म्हणतो, "आईला सांगू नका, खचेल ती." आईला कधीच उमगलेलं असतं, पोराचं तोंड बघून तीच गप्प बसते. दोघंही एकमेकांना जपतात आणि दोघंही एकटे पडतात.

पुण्याहून आलेला धाकटा मात्र डॉक्टरांवरच उखडतो, "इतके दिवस काय करत होता?" गंमत म्हणजे या वागण्याला वैद्यकात १९९१ पासून चक्क नाव आहे : 'कॅलिफोर्नियाची लेक'. कॅलिफोर्नियातले डॉक्टर तिला न्यूयॉर्कची म्हणतात! लांब राहिल्याची टोचणी रागाच्या रूपानं बाहेर पडते, इथेही आणि तिथेही.

सगळ्यात अचंबा वाटतो तो आगाऊ शोकाचा. वडील समोर बसून दुधात भाकरी कुस्करत असतात आणि मन त्यांच्यामागचं घर बघून येतं. मग आपलीच आपल्याला लाज वाटते. मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमान यांनी हे १९४४ मध्येच टिपलं होतं : आघाडीवर गेलेल्या नवऱ्याचा शोक बायकोनं आधीच इतका करून टाकला, की तो जिवंत परतल्यावर तिला नकोसा झाला. तेव्हा असा विचार मनात येणं हा गुन्हा नाही. त्यापायी माणसापासून आधीच लांब जाऊ नये, एवढंच. जवळ बसावं, बोलावं.

आणि सेवेच्या पाळ्या लावून घ्या : रात्र एकानं, दवाखाना दुसऱ्यानं. झोप उडाली, धडधड थांबेना, तर १४४१६ वर फोन करा. २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी 'टेली मानस' सेवा मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.